पात्र ऐकत का नाही आणि वाट का सापडत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलांसाठी घेतलेल्या कन्सोलवर आपण स्वतः दोन गेम खेळायला घेतले. एक ‘टॉम्ब रेडर’च्या पहिल्या तीन भागांची 2024 मध्ये आलेली नवी आवृत्ती आणि दुसरा ‘स्टार वॉर्स जेडाय: फॉलन ऑर्डर’. पहिल्यात नायिका लारा उडी मारण्याऐवजी कड्यावरून सरळ खाली जाते, दुसऱ्यात परतीची वाट शोधण्यात अर्धी संध्याकाळ निघून जाते, आणि मुले म्हणतात की बाबांचा हात अजून बसलेला नाही. दोष हाताचा की गेमचा, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी पुण्यात गेमची नियंत्रणे आणि कॅमेरा, म्हणजे खेळाडूला दृश्य कुठून दिसते ती नजर, यांचेच काम करतो. अर्धवट तयार गेम अनोळखी खेळाडूच्या हाती देऊन त्याच्या अंगठ्यांकडे पाहत बसणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्यातून माझी एक गोष्ट पक्की झाली आहे की खेळाडू हरल्यामुळे चिडत नाही. तीच दरी वारंवार चुकली तरी का चुकली हे समजत असेल तर तो पुन्हा प्रयत्न करतो. आपण नेमके काय चुकलो हेच कळेनासे झाले की कंट्रोलर सोफ्यावर आपटला जातो. म्हणून दोष कोणाचा हे ठरवण्याआधी गडबड कुठे होते आहे ते शोधावे लागते. आपले बटण गेमपर्यंत उशिरा पोहोचत असेल, वेळेवर पोहोचूनही गेम त्याचा निराळा अर्थ लावत असेल, किंवा गेम सगळे नीट ऐकत असेल पण जायचे कुठे हे आपल्यालाच उमगत नसेल. या तीन तक्रारी वरून सारख्याच वाटतात, पण त्यांचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

उशिराची बाब आधी तपासावी, कारण ती घरच्या घरी दुरुस्त होते. गेम सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, दाखवत असेल तर एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंद पडद्यावर राहते. 30 दाखवत असेल तर 33.3. बटण दाबल्यावर गेम ते पुढच्या फ्रेमच्या वेळी वाचतो, हालचाल ठरवतो, चित्र तयार करतो आणि टीव्हीकडे पाठवतो, आणि एवढ्यात काही फ्रेमचा वेळ सहज जातो. त्यावर टीव्ही आपली भर घालतो. चित्रपट गुळगुळीत दिसावा म्हणून मधल्या फ्रेम स्वतः तयार करणे, कडा आणि रंग सुधारणे अशी कामे तो करतो आणि तेवढा वेळ चित्र अडवून धरतो. काही संचांवर हा उशीर 100 मिलिसेकंदांच्याही पुढे जातो. टीव्हीच्या सेटिंगमधला ‘गेम मोड’ चालू केला की ही बहुतेक प्रक्रिया बंद होते. ज्या घरात टीव्ही मुख्यतः मालिका आणि क्रिकेटसाठी घेतलेला असतो तिथे हा मोड बंदच असण्याची शक्यता मोठी असते.

त्याच बैठकीत कंट्रोलरची स्टिक, म्हणजे अंगठ्याने कलवायची छोटी दांडी, हीही पाहून घ्यावी. हात न लावता कॅमेरा हळूहळू सरकत असेल किंवा पात्र आपोआप एक पाऊल टाकत असेल तर त्या स्टिकखालचा पोटेन्शियोमीटर, म्हणजे तिचा कल मोजणारा भाग, बहुधा झिजलेला आहे. गेमच्या सेटिंगमध्ये ‘डेडझोन’ थोडा वाढवला, म्हणजे मधल्या किती हालचालीकडे दुर्लक्ष करायचे ते वाढवले, की त्रास तात्पुरता थांबतो. पण मग नाजूक हालचाली कमी अचूक होतात. सुटे भाग बदलून देणारा कुशल कारागीर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात शोधला तर मिळतो. स्टिकचा भाग आतल्या सर्किटच्या पाटीवर डाग देऊन बसवलेला असतो, त्यामुळे तो घरी उपटण्याच्या भानगडीत पडू नये.

आपली लारा पडते त्याचे कारण मात्र बहुधा टीव्ही नाही. 1996 चा मूळ ‘टॉम्ब रेडर’ चौकोनांच्या जाळीवर बांधलेला आहे. जमीन, कडे आणि दऱ्या एकाच मापाच्या चौकोनांत बसतात आणि लाराच्या उड्याही त्याच मापात ठरवलेल्या आहेत: जागेवरून मारलेली उडी एक चौकोनाची दरी ओलांडते, धावत मारलेली दोन चौकोनांची, आणि धावत उडी मारून समोरचा काठ हातांनी धरला तर तीन चौकोनांची. चालण्याचे बटण धरून काठाकडे गेले तर लारा काठावर थांबते, पडत नाही. तिथून मागे एक छोटी उडी घेतली की धावायला जेवढी जागा लागते तेवढीच नेमकी मिळते. मग पुढे धावायचे आणि उडीचे बटण काठ येण्याआधीच दाबून धरायचे, कारण लारा बटण दाबल्याक्षणी हवेत जात नाही, धावण्याचे चालू पाऊल पुरे झाल्यावर जाते. काठावर पोहोचल्यावर बटण दाबणारा खेळाडू, म्हणजे आजच्या गेमची सवय असलेला कोणीही, हमखास पडतो. त्याचा हात वाईट नसतो. दुसऱ्या काळाच्या कराराने तो हा गेम खेळत असतो.

त्या काळच्या या पद्धतीला खेळाडू ‘टँक कंट्रोल’ म्हणतात. पुढे दाबले की पात्र स्वतःच्या नाकासमोर चालते, डावे-उजवे दाबले की जागेवर वळते, आणि कॅमेरा कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या कंट्रोलरवर स्टिक नव्हत्याच, फक्त दिशेची बटणे होती. दोन स्टिकचा ‘ड्युअलशॉक’ 1997 मध्ये आला. निन्टेन्डोने मात्र 1996 मध्येच ‘सुपर मारिओ 64’ आणि त्याच्यासोबतच्या कंट्रोलरने दुसरा मार्ग दाखवला: पडद्यावर ज्या दिशेला जायचे तिकडे स्टिक कलवायची आणि पात्राने त्या दिशेला वळून धावायचे. आज हीच पद्धत सर्वत्र आहे आणि बहुतेक गेमसाठी तीच योग्य आहे. आपल्या नव्या आवृत्तीत दोन्ही पर्याय दिलेले आहेत. मोकळे वावरायला आधुनिक नियंत्रणे सोपी वाटतात, पण मोजून मारायच्या उडीच्या वेळी जाळीचा आधार त्यांत हरवतो, कारण पात्र आता कोणत्याही तिरक्या दिशेला तोंड करून उभे असू शकते. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की हा एक गेम जुन्या नियंत्रणांवरच खेळावा. पहिला तासभर हात अवघडेल. त्यानंतर प्रत्येक दरीकडे पाहून ती किती चौकोनांची आहे हे आपण सांगू शकाल, आणि पडलात तरी का पडलात हे कळेल.

टँक कंट्रोलचा एक गुण आता विसरला गेला आहे. ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या 1996 च्या पहिल्या भागात कॅमेरे खोल्यांच्या कोपऱ्यांत पक्के बसवलेले होते आणि पात्र पुढे गेले की दृश्य एकदम बदलत असे. अशा ठिकाणी दिशा कॅमेऱ्यावर अवलंबून ठेवली तर दृश्य बदलताक्षणी ‘पुढे’चा अर्थ उलटतो आणि पात्र आले त्याच दारातून परत जाते. पात्राच्या नाकासमोरची दिशा मात्र कॅमेरा कितीही वेळा बदलला तरी तीच राहते. कॅमेऱ्यावर अवलंबून दिशा हवीच असेल तर त्यावरही चांगला उपाय आहे: खेळाडू स्टिक सोडत नाही तोवर जुन्याच दृश्यातली दिशा चालू ठेवायची आणि त्याने अंगठा उचलला की नवी दिशा लागू करायची. हा उपाय असला की तो कोणाच्याही लक्षात येत नाही, आणि नसला की प्रत्येक खोलीत जाणवतो.

पक्का किंवा गेमच्या ताब्यातला कॅमेरा ही मागासलेली गोष्ट आहे असे मात्र समजू नये. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला आणि 2020 मध्ये आलेला ‘राजी: ॲन एन्शियंट एपिक’ आपण मुलांसोबत जरूर खेळावा. त्यात कॅमेरा दूर, उंचावर आणि गेमच्याच हातात असतो, त्यामुळे राजस्थानी धाटणीचे महाल आणि किल्ले चित्रासारखे पूर्ण दिसतात आणि खेळाडूचा उजवा अंगठा मोकळा राहतो. याची किंमत अंतराच्या अंदाजात मोजावी लागते: कॅमेरा फिरवता येत नसला की समोरचा खांब जवळ आहे की लांब हे डोळ्यांना सावली, उंची आणि पूर्वीच्या उड्या यांवरूनच ठरवावे लागते. म्हणून अशा कॅमेऱ्याच्या कोणत्याही गेममध्ये उडी मारताना पात्राऐवजी त्याच्या सावलीकडे पाहावे.

आता या साऱ्याच्या मुळाशी असलेला वाद. बटण दाबल्याबरोबर पात्राने हलावे की शरीराला जेवढा वेळ लागतो तेवढा घेऊन हलावे? जॉर्डन मेकनर यांनी 1989 च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’साठी आपल्या भावाच्या धावण्याचे आणि उड्या मारण्याचे चित्रण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या, म्हणून तो आजही जिवंत वाटतो, पण त्याच कारणाने तो थांबायला पावलाचा वेळ घेतो आणि काट्यांवर पडतो. 2018 च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’मध्ये हीच निवड फार मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. त्याचा नायक आर्थर वळतो, वाकतो, कपाट उघडतो ते सगळे त्याच्या देहाच्या गतीने. घोड्यावरून डोंगर उतरताना हे वजन सुंदर वाटते. अरुंद खोलीत टेबलावरचा एक डबा उचलताना तेच वजन छळते. ‘डार्क सोल्स’सारखा 2011 चा गेमही जड आहे, तिथे एकदा तलवार उगारली की ती मागे घेता येत नाही, पण शत्रूलाही तोच नियम लागू असल्यामुळे जडपणाच खेळाचा विषय बनतो. माझ्या मते जडपणाला हरकत नसावी. हरकत तेव्हा घ्यावी, जेव्हा जडपणा खेळाडूच्या वाट्याला येतो आणि त्याने काय करायचे ठरवले होते याचा गेमला पत्ताच नसतो.

खेळाडूने काय ठरवले होते हे ओळखणे हीच आमची खरी कारागिरी आहे, आणि तिचे एक उदाहरण जवळून दाखवतो. चाचणीच्या वेळी आम्ही पडदा आणि खेळाडूचा हात दोन्हींचे चित्रण करतो. एखादा खेळाडू “मी दाबलं होतं!” असे ओरडतो तेव्हा चित्रण फ्रेम-फ्रेमने पुढे सरकवले की अनेकदा असे दिसते की पात्राचे पाय काठावरून सुटल्यानंतर तिसऱ्या फ्रेमला बटण दाबले गेले आहे. नियमाप्रमाणे पात्र तेव्हा हवेत आहे आणि हवेतून उडी मारता येत नाही. पण तीन फ्रेम म्हणजे 60 च्या गतीला केवळ 50 मिलिसेकंद, आणि टीव्हीच्या उशिरामुळे खेळाडूने पाहिलेला काठ तेवढाच जुना होता. त्याच्या डोळ्यांपुरते तो खरेच बोलत असतो. म्हणून काठ सुटल्यावरही साधारण दशांश सेकंदापर्यंत दाबलेली उडी मान्य करायची, याला आमच्या कामात ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. आणि जमिनीवर टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटण लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी द्यायची. 2018 च्या ‘सेलेस्ट’मध्ये या दोन्ही सवलती आहेत आणि तरीही तो अत्यंत अवघड गेम आहे. कठीणपणा दरीच्या रुंदीत असावा, बटण ऐकण्यात नसावा. बटण लक्षात ठेवण्याची सवलत जास्त झाली तर मात्र उलटते: घाबरून तीनदा दाबलेले लोळण्याचे बटण गेमने जपून ठेवले, तर संकट टळल्यावर पात्र विनाकारण लोळून दरीत जाते.

एकाच बटणाला अनेक कामे दिल्याने होणारा त्रास वेगळा. ‘अनचार्टेड’मध्ये आडोशाला जाणे आणि लोळणे ही दोन्ही कामे एकाच गोल बटणावर आहेत, त्यामुळे भिंतीला टेकायचे असताना पात्र भिंतीच्या बाजूने लोळत शत्रूसमोर उघडे पडते. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’मध्ये हात रिकामे असताना ज्या बटणाने रस्त्यावरच्या माणसाकडे लक्ष देऊन त्याला नमस्कार करता येतो, त्याच बटणाने हातात बंदूक असताना त्याच्यावर नेम धरला जातो, आणि खेळाडू बंदूक हातात आहे हे विसरलेला असतो. यावर खेळाडूच्या हातचा उपाय एवढाच की सेटिंगमध्ये बटणे बदलता येत असतील तर दोन विरोधी कामे वेगळी करावीत. मुले एक मांडणी वापरतात म्हणून आपणही तीच वापरावी असे काही नाही. उभ्या दिशेचा कॅमेरा उलटा करण्याचा, म्हणजे स्टिक वर केली की नजर खाली जाण्याचा, पर्यायही बिनदिक्कत वापरावा.

आता वाट हरवण्याविषयी, कारण आपला अधिक वेळ तिथे जातो आहे.

माणूस जागा कशी लक्षात ठेवतो याचा अभ्यास अमेरिकी नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी 1960 मध्ये मांडला. लोकांच्या मनातले शहर रस्ते, कडा, विभाग, चौक आणि ठळक खुणा यांनी बनते, असे त्यांनी दाखवले, आणि गेमचे नकाशे रचणारे आजही या पाच गोष्टी वापरतात. पुणेकराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लक्ष्मी रस्ता, मुठेचा काठ, पेठा, अलका टॉकीजचा चौक आणि कुठूनही डोके वर काढणारी पर्वती, एवढ्यावर माणूस शहरात वावरतो. पेठेत वाट सांगणारा उत्तर-दक्षिण सांगत नाही, पत्र्या मारुती, चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर सांगतो. एकासारखी दुसरी नसलेली खूण, आणि ती दुरून किंवा वळणावर दिसणे, एवढ्याने काम होते.

‘फॉलन ऑर्डर’मधला झेफो ग्रह या कसोटीवर कमी पडतो. तिथल्या कडा, गुहा आणि बर्फाच्या घसरगुंड्या एकमेकींसारख्या आहेत, घसरगुंडीवरून खाली गेलो की त्याच वाटेने वर येता येत नाही, आणि 2019 च्या या गेममध्ये एका ध्यानस्थळावरून, म्हणजे जिथे खेळाची प्रगती जतन होते त्या जागेवरून, दुसऱ्यावर थेट जाण्याची सोयच नाही. 2023 च्या पुढच्या भागात ती सोय दिली गेली. त्याचा त्रिमितीय नकाशा माहितीने भरलेला आहे, पण एकावर एक आलेले मजले वेगळे करून पाहणे कठीण जाते. नकाशा असूनही माणूस हरवतो, कारण नकाशावरचे ठिकाण आणि डोळ्यांसमोरची गुहा यांना जोडणारी खूण नसते. याउलट ‘डार्क सोल्स’मध्ये नकाशाच नाही, तरी खेळाडू तासन्‌तास वाट न चुकता हिंडतो, कारण तिथे एखादी लिफ्ट अचानक पहिल्याच ओळखीच्या ठिकाणी उतरते आणि मनातला नकाशा जुळतो.

या अडचणीवर गेमकर्त्यांनी बरेच मार्ग काढले आहेत. 1986 च्या ‘मेट्रॉइड’मध्ये नकाशा नव्हता आणि खेळाडू वहीत काढत असत, 1994 च्या ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये तो आपोआप भरत जाऊ लागला. 2008 च्या ‘डेड स्पेस’मध्ये बटण दाबले की जमिनीवर प्रकाशाची रेषा उमटते. 2020 च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मध्ये वारा ध्येयाच्या दिशेने वाहतो, म्हणजे दिशा पाहायला नजर पडद्याच्या कोपऱ्यात न्यावी लागत नाही, समोरच्या गवताकडे पाहिले तरी पुरते. कोपऱ्यातल्या छोट्या गोल नकाशावर माझा राग त्यासाठीच आहे. तो असला की डोळे त्या गोलातच राहतात आणि कलाकारांनी वर्षानुवर्षे घडवलेले शहर कोणी पाहत नाही. शिडीवर आणि कड्यावर दिसणाऱ्या पिवळ्या रंगाची 2023 च्या नव्या ‘रेसिडेंट ईव्हिल 4’पासून बरीच टिंगल झाली, मला ती अन्यायाची वाटते. आजच्या चित्रात प्रत्येक दगड इतका बारकाईने रंगवलेला असतो की चढता येणारा दगड कोणता हे डोळ्यांना ओळखताच येत नाही. रंग नको असेल तर प्रकाशाने आणि रचनेने ते सांगावे लागते, आणि ते अधिक कष्टाचे काम आहे. 2024 च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’मधली युक्ती मला सर्वात आवडते: बंद दार दिसले की एका बटणाने त्याचे छायाचित्र काढून ते नकाशावर त्याच ठिकाणी टोचून ठेवता येते. ‘इथे परत यायचे’ हे खेळाडूच्या डोक्यातले ओझे गेम उचलतो.

मदतीचे पर्याय चालू करणे म्हणजे फसवणूक असे मुलांनी म्हटले तर त्यांना ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ दाखवा. 2020 च्या या गेममध्ये अशा सोयींचे 60 हून अधिक पर्याय आहेत. त्यांतल्या एकात बटण दाबले की कॅमेरा पुढच्या वाटेकडे वळतो. दृष्टी किंवा हात यांच्या मर्यादा असलेल्यांसाठी त्या केल्या गेल्या, आणि दिवसभर कामावरून थकून आलेल्या माणसालाही त्या तेवढ्याच उपयोगी पडतात.

झेफोवरून परत यायचे असेल तेव्हा आलेली वाट उलट शोधू नका. तो ग्रह परतीसाठी वेगळ्या वाटेने रचलेला आहे. जाताना दिसलेली प्रत्येक दोरी, लिफ्ट आणि आतून उघडणारे दार पुढे जाण्याआधी उघडून ठेवा, कारण त्याच तुमच्या परतीच्या आडवाटा असतात. नकाशात दारांचे रंग पाहा: लाल म्हणजे अजून जमणार नाही, हिरवे म्हणजे आता उघडेल, पिवळे म्हणजे तिकडे अजून गेलेला नाहीत. नकाशा फिरवताना आपला बाण आणि ज्यातून ग्रह सोडायचा ते जहाज ही दोनच ठिकाणे आधी शोधा, जहाज आपल्या वर आहे की खाली एवढे ठरवा, आणि त्या दिशेचे सर्वात जवळचे हिरवे दार गाठा. गेम बंद करायचा असेल तर ध्यानस्थळावर पोहोचल्यावरच बंद करा, आणि पुढची जायची दिशा कागदावर एका ओळीत लिहून ठेवा. आठवड्याने परत खेळायला बसल्यावर ती ओळ नकाशापेक्षा अधिक कामी येते.